आणीबाणीत कळवायचं कोणाला

फॉर्मवर माझं नाव तिनं इंग्रजीत लिहिलं,
स्पेलिंगमध्ये एक ए जास्त.
नातं: आई. शहर: मुंबई.
तेव्हापासून मी नोकरीला आहे,
बिनपगारी, चोवीस तास,
उशीखाली फोन.

कन्नमवार नगरात पहाटे नळाला पाणी येतं
तेव्हा सुलेमानियात रात्र असते, अडीच तास मागे.
पिंप भरता भरता मी तिथलं हवामान बघते.
उणे दोन. बर्फाची शक्यता.
बातम्या बघत नाही.
बातम्या समोरचे खानोलकर बघतात.
ते दार उघडून काही बोलले नाहीत
तर सगळं ठीक.

'तिकडं सेफ आहे का हो?' विचारतात,
जिन्यात, कोळणीच्या पाटीसमोर, हळदीकुंकवाला,
एकदा तर दाताच्या डॉक्टरनं, माझं तोंड उघडं असताना.
काय सांगणार.
सांगते, जनरेटरवाल्याचं नाव काक अनवर,
अँपिअरवर पैसे घेतो.
सरकारी वीज गेली की त्याची येईपर्यंत
एक मिनिट जातं.
त्या मिनिटात शाल्मली सहावीच्या पोरांना सांगते,
हलू नका,
आत्ता तुमच्या डोळ्यांतली बाहुली मोठी होतेय.

शिक्षकाला मामोस्ता म्हणतात तिथं.
मला पहिल्यांदा मामाच ऐकू आलं.
आणि काही काम सांगितलं तर पोरं म्हणतात सर चाव,
म्हणजे डोळ्यांवर.
आपण डोक्यावर घेतो, शिरसावंद्य म्हणतो,
ते डोळ्यांवर घेतात.
हेमीन नावाचा एक आहे, गृहपाठ कधीच करत नाही,
पण सर चाव म्हणतो इतकं गोड
की ही ओरडायचं विसरते.
घरमालकीण रोज भाकरीएवढा नान पाठवते,
दारावर टकटक न करता कडीला अडकवून जाते.
शाळेच्या बसमध्ये एक बंदूकवाला बसतो.
तोही चहात दोन चमचे साखर घेतो, म्हणाली.
हे तिनं नानच्या नंतर सांगितलं,
पटकन, साखरेसकट.

एकदा दोन दिवस विमानतळ बंद होता.
खानोलकरांनी दार उघडलं.
फोनवर ती म्हणाली, अगं सुट्टी दिलीय, पत्ते खेळतोय.
मागं खिडकीच्या काचेवर
चिकटपट्टीची मोठी फुली.
मी विचारलं, जेवलीस का?

आणि मग पडले मीच.
स्टेशनकडून येताना, मार्केटच्या तोंडाशी,
निघालेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय,
हातातली मेथीची जुडी सुटली नाही,
मनगट सुटलं.
रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत,
पालिकेच्या दवाखान्यात खुर्चीपर्यंत आणून बसवलं.

काउंटरवरच्या मुलानं विचारलं,
आणीबाणीत कळवायचं कोणाला?
मी नंबर सांगितला. अधिक नऊशे चौसष्ट.
त्याचं पेन थांबलं. हा कुठला?
कुर्दिस्तान.
ते कुठं आलं?
इराकात. वरती, डोंगरात.
अहो मावशी, जवळचं कोणी नाही का?
जवळचाच दिलाय, म्हटलं. लिहा.

त्यानं लिहिला. एक आकडा चुकला,
मी दुरुस्त करायला लावला.
मग त्याच्याकडे वाकून म्हटलं,
पण लावू नका हां.

रात्री फोन डाव्या हातात धरला,
चौकटीत फक्त चेहरा आणि भिंतीवरचं कॅलेंडर.
तिकडं वीज गेलेली.
स्क्रीनवर नुसता अंधार, त्यात तिचा श्वास.
आई, कॅमेरा इतका वर का धरलायस?
रेंज नाही गं खाली.
मिनिटभर ती काहीच बोलली नाही.
डोळे मोठे होत असावेत.
मग काक अनवरची वीज आली,
तिचा चेहरा आला,
आणि तिनं विचारलं,
जेवलीस का?

खिचडी, म्हटलं.
खानोलकरांनी दिली.